जमिनीचा रविवार

सावडीच्या बायका मंजुळाबाईच्या दारावरून गेल्या आणि कोणीच हाक मारली नाही, तिथूनच सांगतो. एरवी त्या बायका म्हणजे सगळी आळी जागी करत जाणार. डोक्यावर भाकरीचं गठुडं, हातात खुरपं आणि तोंडाचा पट्टा सुरू. "अक्का, चल की गं," म्हणून मंजुळाबाईचं दार वाजवायचं आणि तिला मधे घेऊन पुढं निघायचं, असं वर्षानुवर्षं चाललेलं. त्या दिवशी मात्र दाराजवळ आल्यावर सगळ्यांचा आवाज खाली आला, आणि चार घरं ओलांडल्यावर पुन्हा वर चढला. मंजुळाबाई चुलीपाशी बसून ऐकत होती.

सावड म्हणजे काय ते शहरातल्या माणसाला सांगावं लागेल. आज तू माझ्या रानात निंदायला ये, उद्या मी तुझ्या रानात येते. मजुरी नाही, दिवसाला दिवस. आता जिच्या रानात यंदा काही पेरलंच नाही, तिच्याकडं निंदायला कुठं जायचं? आणि ती आपल्याकडं आली तर तिचा दिवस फेडायचा कसा? मंजुळाबाई म्हणाली होती, "फेडू नका ना बायांनो, मी नुसती येते." पण ते कोणाला पटलं नाही. बायकांचंही चूक नाही म्हणा. फुकट राबणारी बाई शेजारच्या ओळीत असली की मोकळेपणी सासूला शिव्यासुद्धा घालता येत नाहीत.

बरं, मंजुळाबाईनं पेरलं नव्हतं ते काही नड होती म्हणून नाही. दोन एकरांचा काळाभोर तुकडा, विहिरीला बऱ्यापैकी पाणी, घरात हळदीचं बेणं तयार. पेरायचं नव्हतं म्हणून पेरलं नाही. सातवं वर्ष होतं.

हे गाव आखाडा बाळापूरपासून आत, डोंगरकड्याच्या अंगाला. निजामाच्या राज्यात इथली चारदोन घरं ख्रिस्ती झाली. पुढं त्यांची पोरं शिकली, कोणी नांदेडला गेलं, कोणी पुण्याला, आणि गावात राहिलं एकच घर, प्रेमदासचं. मंजुळाबाई त्याची बायको. नाताळाला दारावर कागदाची चांदणी लागायची ती या एकाच घरावर. बाकी वर्षभर त्यांच्यात आणि इतरांत काय फरक, असं विचारलं तर गावातल्या कोणालाही धड सांगता आलं नसतं.

फरक होता तो प्रेमदासच्या डोक्यात. साधा शेतकरी माणूस, पण शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचा तेही शेतकऱ्यासारखंच. देवदूत, सिंहासनं वगैरे भरभर उलटायचा, आणि बी, माती, बैल, पाऊस असं काही आलं की थांबायचा. एकदा वाचता वाचता त्याला सापडलं, की सहा वर्षं जमीन करावी आणि सातव्या वर्षी तिला विसावा द्यावा. आपोआप उगवेल ते गरिबानं न्यावं, गरिबानं सोडलं ते रानातल्या जनावरांनी खावं. प्रेमदासनं चष्मा काढला आणि बायकोला म्हणाला, "माणसाला रविवार हाय. मग जमिनीला काहून न्हाई?"

आता असल्या प्रश्नाला कोणती बायको काय उत्तर देणार? मंजुळाबाई भाकऱ्या थापत होती, ती म्हणाली, "तुमी ठरवलंच असंल तर मला कशाला विचारून राहिले?" आणि खरंच त्यानं ठरवलंच होतं. त्या वर्षी रान पडीक राहिलं. गाव हसलं, पाहुणे चिडले. प्रेमदास सगळ्यांना एकच सांगायचा, "जमीन प्रभूची. आमी नुसते कूळ." या भागात कूळ म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही कळतं. कसायचं, खायचं, पण मालक म्हणून मिरवायचं नाही. "मालकानं सांगितलं हात लावू नको, तर कुळानं गप घरी बसावं," असं त्याचं साधं गणित. त्या वर्षी तो गोफणसुद्धा खुंटीला टांगून ठेवायचा. पाखरं हाकलायची नाहीत, रोही म्हणजे नीलगाय, ती आली तरी ओरडायचं नाही. या वर्षाचं ताट त्यांचं, म्हणायचा.

पुढच्या वर्षी पीक दुप्पट आलं, असं मी सांगितलं तर गोष्ट गोड होईल. पण नाही आलं. आलं ते दरवर्षीसारखंच, आणि वर पाऊस लांबला. तरी सात वर्षांनी पठ्ठ्यानं पुन्हा रान सोडलं. दोघं नवरा-बायको संध्याकाळी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसून वाढलेलं गवत बघत, आणि त्याला त्यात काय दिसायचं कोण जाणे, चेहरा असा निवांत व्हायचा की मंजुळाबाईलाही मग रानापेक्षा त्याच्याकडंच बघत बसावंसं वाटे. तेव्हाही सावडीच्या बायका तिला वर्षभर बोलावत नव्हत्या. पण घरात बोलायला माणूस होता, त्यामुळं तिला ते जाणवलंसुद्धा नाही.

मग तिसरं सातवं वर्ष यायच्या आधीच्या थंडीत प्रेमदास गेला. ताप आला, उतरला, पुन्हा आला, आणि माणूस हातचा गेला.

यंदा सोडून द्यायला काही हरकत नव्हती. पोरगा शमुवेल संभाजीनगरला कंपनीत. तो फोनवर म्हणाला, "आई, रान बटईनं, अर्ध्या वाट्यानं दे आणि इकडं ये." दर महिन्याला मोटारसायकलवर येणारे चर्चचे पाळकसाहेबही म्हणाले, "मंजुळाबाई, हे जुन्या काळचे नेम. प्रभूनं आपल्याला त्यातून मोकळं केलंय. तुम्ही खुशाल पेरा." म्हणजे बघा, ज्या देवासाठी रान सोडायचं, त्याच्या माणसालाही त्याची गरज वाटेना. मंजुळाबाईनं त्यांना चहा दिला, मान डोलावली, आणि पेरलं नाही. तिच्या मनात धर्मापेक्षा दुसरंच होतं. घरातली प्रेमदासची खाट काढून झाली होती, कपडे देऊन झाले होते. त्याचं म्हणून एवढं एकच काम उरलं होतं, आणि तेही चुकवलं तर तो खरोखरच गेला असं होईल, याची तिला भीती वाटत होती.

तर रान पडलं. आषाढात केना, घोळ, तांदुळजा, तरोटा असा पाला माजला. गावातल्या गरीब बाया भाजी खुडायला यायच्या, दोन शब्द बोलायच्या, मंजुळाबाईला बरं वाटायचं. मागच्या वर्षीच्या सोयाबीनचे सांडलेले दाणे मधेमधे उगवून आले होते, हळदीचे चुकार कोंब वर आले होते. श्रावण सरता सरता गवत कमरेला लागलं, भाजीचा पाला निबर झाला, आणि बाया यायच्या थांबल्या. नंतर रानात गाजरगवत आणि कुंदा माजला तो माणूस दिसेना एवढा.

मग उरली एकटी द्वारकाबाई. शेजारच्या संतरामची बायको. दोन्ही रानांच्या मधे एकच धुरा. संध्याकाळी घरी जायच्या आधी ती धुरा ओलांडून यायची आणि रानात बसलेल्या मंजुळाबाईजवळ टेकायची. काही फार बोलायची असंही नाही. हात मांडीवर ठेवून समोर बघत बसायची. बोलायची ती मंजुळाबाई. दिवसभर साठवून ठेवलेलं सगळं एकदम. शमुवेलच्या पोरीला दात आले, म्हशीच्या पायाला काय झालं, प्रेमदास एकदा बैलावरून कसा पडला. द्वारकाबाई हं हं करायची. अंधार पडायला लागला की उठायची आणि म्हणायची, "येते अक्का." आपल्यावर दया करून ही येते, असंच मंजुळाबाईला वाटायचं. वाटू दे, दया तर दया. त्या अर्ध्या घटकेसाठी ती सकाळपासून वाट बघायची, खोटं कशाला बोला.

दिवाळीनंतर त्या गवतात डुकरं बसली.

रानडुकराला काय, निजायला दाट जागा आणि जवळ ओढ्याचं पाणी मिळालं की झालं. दिवसा मंजुळाबाईच्या रानात झोपायचं आणि अंधार पडला की संतरामच्या हरभऱ्यात घुसायचं. खाल्लं त्याच्या चौपट तुडवून ठेवायचं. संतरामनं दोनचारदा बघितलं, फटाके फोडले, डबे वाजवले. शेवटी एक दिवस तो मंजुळाबाईच्या दारात येऊन उभा राहिला. हा संतराम म्हणजे पन्नाशीचा, अंगानं दणकट, बोलायला तिरकस पण मनानं सरळ.

"अक्का, तुझ्या पाहुण्यांनी माझ्या हरभऱ्याचा भुगा करून टाकला," तो म्हणाला.

"बस ना. पाणी घे."

"पाणी नको. मी काय म्हणतो, उद्या ट्रॅक्टर आणतो. घंटाभरात रोटा मारून सगळं गवत मातीत मिसळून देतो. डिझेल माझं, डायवर मीच. तुला धुऱ्यावर यायची बी तकलीफ न्हाई."

मंजुळाबाई म्हणाली, "संतराम, हे वरीस माझं न्हाई. मिरगाला पेरणार हाय मी. तवर मला हात लावता येत न्हाई."

"माझ्या हरभऱ्याला तर लावता येतो ना तुझ्या डुकरांना?" तो म्हणाला. मग जरा मऊ झाला. "प्रेमदासभाऊ लई भला माणूस. पण आमच्यात जमीन म्हणजे आई. आईला कधी कोणी सुट्टी दिलेली ऐकलीस का तू?"

संतरामचं नुकसान होतंय हे तिला दिसत होतं, वाईटही वाटत होतं. आपल्या देवानं जनावरांना पोटभर दिलं ते शेजाऱ्याच्या ताटातलं ओढून, हे काही तिला बरोबर वाटेना. पण प्रेमदासनं अशा वेळी काय केलं असतं ते तिला ठाऊक नव्हतं. त्याच्या दोन्ही खेपांना डुकरं आलीच नव्हती. तेव्हा गावाभोवती जंगल जरा जास्त होतं, डुकरं तिकडंच असायची. तिनं मान खाली घालून पुन्हा तेच सांगितलं, "मिरगापर्यंत थांब."

संतरामच्या जागी दुसरा असता तर एखाद्या दुपारी विडी टाकून मोकळा झाला असता. वाळलेलं गवत, वारा, कोणाला काय कळतंय? पण त्यानं तसं केलं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला पाहिजे. त्यानं झटका मशीन आणलं. बाळापूरच्या बाजारातून तार, खुंट्या, बॅटरी, वर छोटं सोलर, आणि सगळ्या रानाला तारेचा वेढा घातला. धुऱ्यावरून दोन पदरी तार गेली. जनावर शिवलं की सणकन झटका बसतो, मरत नाही, पण पुन्हा फिरकत नाही. दिवस मावळायला आला की संतराम मशीन चालू करायचा आणि ते टक टक वाजत राहायचं.

दिवस मावळायची वेळ हीच द्वारकाबाईच्या येण्याची वेळ.

पहिल्या दिवशी मंजुळाबाईला वाटलं, तारेच्या भीतीनं आली नसेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, कामात असेल. मग तिनं मोजायचं सोडून दिलं. सडकेनं यायला वाट होती, पण ती ओढ्याला वळसा घालून, आणि ज्या बाईला घरी जाऊन धारा काढायच्या, चूल पेटवायची, सुनेच्या लेकराला घ्यायचं, ती वळसा घालून कशाला येईल? मंजुळाबाईच्या मनानं घेतलं की ती रागावली. हरभरा गेला तो तिच्याही घामाचाच होता. आपण होऊन जाऊन विचारावं, तर मंजुळाबाईचाही स्वभाव असा, की दहा वेळा चप्पल घालणार आणि दहा वेळा काढणार.

नाताळ आला. तिनं चांदणी लावली. करंज्या केल्या आणि डबा घेऊन सडकेनं द्वारकाबाईच्या घरी गेली. द्वारकाबाई पाहुण्यांकडं गेली होती, सुनेनं डबा घेतला. घरी येऊन मंजुळाबाईनं दोन करंज्या खाल्ल्या आणि बाकीच्या झाकून ठेवल्या. शमुवेलचा फोन आला, तिकडं मागं गाणी, पोरांचा दंगा. "आई, तू एकटीच आहेस का?" त्यानं विचारलं. ती म्हणाली, "कशाची एकटी? आत्ताच बाया येऊन गेल्या." इतकं सफाईदार खोटं ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली.

त्यानंतर ती रानात बसून मोठ्यानं बोलायला लागली. आधी प्रेमदासशी, मग तितरांशी, मग कोणाशीच नाही. गवतात तितरं कुकारायची, ससे निवांत बसलेले दिसायचे, पिवळ्या पडलेल्या गवतावर उन्हं यायची. प्रेमदास असता तर म्हणाला असता, बघ किती चांगलं झालंय. आणि खरंच चांगलं झालं होतं. पण चांगलं झालंय हे ज्याला सांगावं असं कोणी शेजारी नसलं की त्या चांगल्याचं काय करायचं, हे शास्त्रात लिहिलेलं तिला आठवेना. एक दिवस तिनं धुऱ्यावर बसल्या बसल्या प्रार्थनेला हात जोडले आणि तोंडातून निघालं ते देवाला नव्हतंच. "माफ कर," ती नवऱ्याला म्हणाली. "मला माणूस पाहिजे रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं संतरामला गाठलं आणि सांगितलं, "मार रोटा."

संतरामनं तिच्याकडं नीट बघितलं. "खात्रीनं म्हणून राहिलीस का अक्का? मग मला बोल लावू नको."

"न्हाई लावत."

त्यानं त्याच दिवशी ट्रॅक्टर आणला. मोठमोठं गवत रोट्याखाली गेलं, खटाखट तुटत मातीत मिसळलं. तितरं एकदम उडाली. ससे पळाले. डुकरांचा एक कळप ओढ्याकडं गेला तो परत दिसला नाही. वर्षभर राखलेलं रान दुपारच्या जेवणाआधी काळंशार झालं. मंजुळाबाई सगळा वेळ उभी राहून बघत होती. राखलेलं गेलं याचं वाईट वाटत होतं, पण त्याच वेळी कुठंतरी हलकंही वाटत होतं, आणि त्या हलकेपणाची तिला लाज वाटत होती.

ट्रॅक्टर थांबला तशी ती संतरामजवळ गेली. "आता तार काढशील ना?"

"तार?" संतराम घाम पुसत म्हणाला. "तार कशाला काढू? डुकरं काय तुझ्याच रानातून येतात व्हय? ओढ्याकडून येतात, रोही तर कुठूनबी येतंय. एवढ्या खुंट्या ठोकून लावली ती ऱ्हाऊ दे की." आणि तो अगदी बरोबर बोलत होता. त्यात राग नव्हता, सूड नव्हता. मंजुळाबाईनं आपलं आपणच ठरवून टाकलं होतं, की गवत गेलं म्हणजे तार जाईल. तसं तिला कोणीच सांगितलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिनं अभिमान बाजूला ठेवला. तारेपाशी जाऊन तिनं हाक मारली, "द्वारका." हरभऱ्याच्या पलीकडं द्वारकाबाई वैरणीचा भारा बांधत होती. तिनं वर बघितलं, भारा तसाच टाकला आणि आली. दोघी तारेच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. मशीन टक टक वाजत होतं.

"रागावलीस व्हय गं माझ्यावर?" मंजुळाबाईनं विचारलं.

"मी कशाला रागावू? तारेला भिऊन मी इकडं फिरकत न्हाई, बस." मग द्वारकाबाईची नजर मंजुळाबाईच्या मागं, काळ्या रानाकडं गेली. "काहून मारायला लावला अक्का रोटा?"

"तुमचं नुकसान व्हत व्हतं."

"हरभरा तर तार लावली तवाच वाचला." द्वारकाबाई अजून तिकडंच बघत होती. "त्यांनी ट्रॅक्टर काढला तवा मी घरात जाऊन बसले. बघवलं न्हाई मला. या घरात नांदायला आले तवापासून आमचं रान कधी पडलेलं मी बघितलं न्हाई. सोयाबीन निघालं की हरभरा, हरभरा निघाला की भुईमूग. माझं बी तसंच, एक उरकलं की दुसरं. तुझ्याकडं यायचे आणि ते गवत बघत बसायचे. वाटायचं, कोणीतरी निजलंय बाई, आणि त्याला कोणी उठवून न्हाई राहिलं. लई बरं वाटायचं. तू काय बोलायचीस त्यातलं निम्मं माझ्या कानावरसुद्धा पडत नव्हतं बघ." ती जराशी हसली. "इकडं यायचं थांबलं तरी सडकेच्या वळणावरून दिसायचं ते. येता-जाता थांबायचे मी तिथं. आता काय, आमच्यासारखंच दिसून राहिलं."

मंजुळाबाईला बोलायचं होतं. तू यावंस म्हणून मारला गं रोटा, एवढंच. पण ते आता तिला सांगणं म्हणजे तिच्या डोक्यावर ओझं ठेवणं, आणि तिच्या डोक्यावर ओझी काय कमी होती? म्हणून ती म्हणाली, "मिरगाला हळद लावायची हाय. जमीन तयार करायला पाहिजेच व्हती."

"व्हय, ते बी हाय," द्वारकाबाई म्हणाली. घराकडून कोणीतरी तिला हाक मारली, धारांची वेळ झाली होती. "येते अक्का," म्हणून ती वळली, भारा डोक्यावर घेतला आणि निघून गेली.

मंजुळाबाई रोटा मारलेल्या भुसभुशीत मातीवर बसून राहिली. रोज या वेळेला ती प्रार्थना करायची. आज तिनं हात जोडले, पण माफी मागायची ती देवाची, प्रेमदासची का द्वारकाबाईची, हे तिला ठरवता येईना, म्हणून तिनं हात पुन्हा मांडीवर ठेवले आणि काळ्या रानाकडं बघत बसली.